द्रवचालित लाकूडफोड यंत्र

द्रवचालित लाकूडफोड यंत्र हे तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्याच्या साहाय्याने लाकडाचा ओंडका पोलादी पाचरीवर रेटून तो उभा चिरणारे यंत्र होय. कुऱ्हाड, घण आणि पाचर यांनी होणारे काम ते करते. कुऱ्हाड आघाताने लाकूड फोडते, तर हे यंत्र संथ पण अखंड रेट्याने. अशी यंत्रे तयार विकत मिळतात. तथापि सरपणाच्या वखारी, भट्टीवर चालणारे व्यवसाय आणि शेतवाड्या यांच्यासाठी सुटे भाग जमवून स्थानिक वर्कशॉपमध्ये ती बनवून घेण्याची रीतही आहे. प्रस्तुत लेखात अशा घरगुती बनावटीच्या यंत्रासाठी सिलिंडर, पंप, मोटर व झडपा यांची निवड कशी केली जाते याचे विवेचन असून भागांच्या उपलब्धतेसाठी नवी मुंबईतील कामोठे परिसराचा संदर्भ घेतला आहे.

तत्त्व व रचना

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम या यंत्राच्या मुळाशी आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला द्रवीय दाबयंत्राचा आराखडा याच नियमावर उभा होता. लाकूडफोड यंत्र म्हणजे आडवे ठेवलेले तसलेच दाबयंत्र होय.

टाकीतील तेल पंप ओढतो व दिशा बदलणाऱ्या झडपेकडे ढकलतो. झडपेचा दांडा एका बाजूला नेला की तेल सिलिंडरच्या मागच्या भागात जाते व दट्ट्या पुढे येतो. उलट बाजूला नेला की तेल पुढच्या भागात जाऊन दट्ट्या मागे हटतो. मध्यावर असताना तेल दाबाविना टाकीत परतते. ओंडका व पाचर यांचा रेटा सोसण्यासाठी हे सर्व एका भक्कम गर्डरवर बसवलेले असते. काही यंत्रांत पाचर स्थिर असून दट्ट्या ओंडक्याला ढकलतो, तर काहींत पाचरच दट्ट्याच्या टोकाला असते.

रेटा आणि सिलिंडर

निवडीची सुरुवात सिलिंडरपासून करणे सोयीचे ठरते. किती जाडीचे व कोणत्या जातीचे लाकूड फोडायचे यावर लागणारा रेटा अवलंबून असतो, आणि रेटा म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले दाब. पाश्चात्त्य देशांतील तक्ते ओक व पाइन यांसाठी तयार झालेले आहेत. कोकणातील सरपणाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. सुरूचे सरळ धाग्याचे लाकूड सहज उभे चिरते. बाभूळ चिवट असते. विलायती शिरीष, म्हणजेच रस्त्यांच्या कडेला लावलेले पर्जन्यवृक्ष, यांच्या लाकडात धागे एकमेकांत गुंतलेले असल्याने पाचर आत शिरली तरी दोन्ही भाग तंतूंनी जोडलेले राहतात. नीलगिरीचा धागा पिळलेला असतो. ती ओली असतानाच फोडणे सोपे जाते. आंब्याचे सरळ खोड सौम्य, पण फांदीच्या बेचक्याजवळचा ओंडका कोणत्याही यंत्राची परीक्षा पाहतो.

बाजारात यंत्राची क्षमता टनांत सांगितली जाते. हा आकडा स्वतंत्रपणे तपासता येतो व तपासणे आवश्यकही असते. १६० बार दाबाला ८० मिमी बोअरचा सिलिंडर सुमारे ८.२ टन, १०० मिमीचा सुमारे १२.८ टन आणि १२५ मिमीचा सुमारे २० टन रेटा देतो. यावरून असे दिसते की १०० मिमी बोअरच्या सिलिंडरला ‘२० टन’ म्हटले असेल, तर ते २५० बार दाबाचे गृहीत धरलेले असते. तेवढ्या दाबाला पंप, नळ्या व सील पात्र नसतील तर तो आकडा केवळ पाटीवरचा ठरतो. विक्रेते दाब कधी बारमध्ये, कधी किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, तर कधी पीएसआयमध्ये सांगतात. १ बार म्हणजे १.०२ किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी. अथवा १४.५ पीएसआय, पहिली दोन एकके जवळजवळ सारखी असल्याने गोंधळ होत नाही, तिसऱ्याने होतो.

भट्टी किंवा चुलीसाठी एक ते दीड फूट लांबीचे ओंडके फोडायचे असल्यास १०० मिमी बोअर, ५६ मिमी रॉड व ५०० मिमी स्ट्रोक हे माप बहुतेक कामांना पुरते. स्ट्रोक ओंडक्याच्या लांबीएवढाच हवा असे नाही. बरेचसे ओंडके पाचर अर्ध्यापर्यंत गेली की फुटतात. मात्र चिवट लाकडासाठी दट्ट्याची ढकलपट्टी पाचरीच्या अगदी जवळ येणे गरजेचे असते, अन्यथा शेवटचे तंतू कुऱ्हाडीने तोडावे लागतात.

रॉडच्या जाडीकडे घरगुती बनावटीत अनेकदा दुर्लक्ष होते. बारीक रॉडचा सिलिंडर स्वस्त पडतो, परंतु पूर्ण बाहेर आलेला बारीक रॉड रेट्याखाली बाकण्याचा धोका असतो. बोअरच्या निम्म्याहून कमी जाडीचा रॉड या कामासाठी टाळावा. शिवाय जाड रॉडमुळे परतीच्या बाजूचे क्षेत्रफळ कमी होते व दट्ट्या लवकर मागे येतो, हा वेगळा लाभ.

पंप आणि मोटर

सिलिंडर ठरला की वेगाचा प्रश्न येतो. दाबाने रेटा मिळतो, प्रवाहाने वेग मिळतो, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे मोटरची शक्ती. बारमधील दाब व मिनिटाला लिटरमधील प्रवाह यांच्या गुणाकाराला ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. पंपातील तूट धरण्यासाठी या उत्तराला साधारण ०.८५ ने पुन्हा भागतात. रेटा आणि वेग दोन्ही वाढवायचे तर मोटर मोठी घ्यावीच लागते. झडपा किंवा नळ्या बदलून हा हिशेब चुकवता येत नाही.

वर दिलेल्या सिलिंडरसाठी ५ अश्वशक्तीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची, १४४० फेऱ्यांची तीन फेज मोटर घेतली, तर ती १६० बार दाबाला मिनिटाला सुमारे ११ ते १२ लिटर तेल पुरवू शकते. त्यासाठी फेरीमागे ८ घन सेंमी. तेल देणारा गिअर पंप योग्य होय. सिलिंडर पूर्ण पुढे येण्यास ३.९ लिटर तेल लागते, म्हणजे सुमारे २१ सेकंद. मागे जाण्यास २.७ लिटर, म्हणजे सुमारे १५ सेकंद. एका फेरीला ३६ सेकंद हा वेग वखारीच्या व्यापारी कामाला संथ वाटतो, वाडीच्या कामाला पुरेसा असतो. वेग दुप्पट करण्यासाठी १६ घन सेंमी.चा पंप बसवला आणि मोटर तीच ठेवली, तर मोकळ्या चालीत दट्ट्या झपाट्याने पळतो, पण गाठ लागताच मोटर दबते, गरम होते व ओव्हरलोड रिले उडतो. घरगुती यंत्रांतील ही बहुधा सर्वांत नेहमीची चूक आहे.

यावर उपाय म्हणून दोन टप्प्यांचा पंप वापरतात. त्यात मोठी व लहान अशा दोन गिअरजोड्या असतात. ओंडक्याला टेकेपर्यंत दोन्ही मिळून भरपूर तेल देतात. दाब साधारण ४५ बारच्या पुढे गेला की मोठी जोडी आपोआप मोकळी होते व लहान जोडी एकटी पूर्ण दाब देते. उत्तर अमेरिकेतील लाकूडफोड यंत्रांत हाच पंप रूढ आहे. मात्र तेथील पंपांवरील प्रवाहाचे आकडे मिनिटाला ३६०० फेऱ्यांचे, पेट्रोल इंजिनासाठीचे असतात. भारतातील ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांची मोटर सुमारे १४४० फेऱ्या घेते, त्यामुळे त्याच पंपातून ४० टक्केच तेल मिळते. ‘११ गॅलन’ म्हणून घेतलेला पंप येथे मोकळ्या चालीत मिनिटाला सुमारे १६ ते १७ लिटर व पूर्ण दाबाला सुमारे ४ लिटर देतो. हे जाणून घेतले तर तो तोट्याचा नाही, कारण त्याला ३ अश्वशक्तीची मोटर पुरते.

विजेच्या जोडणीचा मुद्दा येथेच निर्णायक होतो. कामोठ्यासह पनवेल भागात महावितरणचा पुरवठा आहे. घरगुती जोडणी बहुधा एक फेजची असते. एक फेजवर ३ अश्वशक्तीची मोटर चालू स्थितीत सुमारे १५ अँपिअर घेते व सुरू होताना त्याच्या कित्येक पट. साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर ती चालवणे अयोग्य होय. तीन फेजची ५ अश्वशक्तीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. तीन फेज उपलब्ध नसेल तर दोन टप्प्यांचा पंप व ३ अश्वशक्ती ही मर्यादा मानून वेगाची अपेक्षा बेताची ठेवावी लागते, किंवा डिझेल इंजिनाकडे वळावे लागते.

ट्रॅक्टर असलेल्या ठिकाणी त्याच्याच तेलपुरवठ्यावर यंत्र चालवता येते. त्यासाठी ट्रॅक्टरला बाहेरील जोडणीचा व्हॉल्व्ह असावा लागतो. मागील तीन बिंदूंची उचल एकाच दिशेने जोर लावते, म्हणून ती या कामाची नाही.

गिअर पंपाचा शाफ्ट बाजूचा ताण सोसत नाही. त्यावर थेट पट्ट्याची पुली बसवल्यास बेअरिंग थोड्याच काळात झिजतात. मोटर व पंप बेलहाउसिंगने एका रेषेत जोडून मध्ये रबरी स्पायडरचे कपलिंग घालणे हा रूढ मार्ग आहे. पंप कोणत्या दिशेने फिरायचा हे त्यावरील बाणाने दर्शवलेले असते. तीन फेजच्या मोटरीत दोन वायरी उलटल्यास दिशा बदलते, म्हणून प्रथम क्षणभरच वीज देऊन दिशा पाहतात. उलट फिरलेला पंप तेल ओढत नाही व कोरडाच झिजतो.

झडपा

दिशा बदलणारी झडप मध्यावर असताना पंपाचे तेल टाकीकडे मोकळे सोडणारी, म्हणजे ‘ओपन सेंटर’ प्रकारची असावी लागते. बंद मध्याची झडप लावल्यास यंत्र रिकामे असतानाही पंप पूर्ण दाबावर चालत राहतो आणि मोटरची सारी शक्ती तेल तापवण्यात जाते.

लाकूडफोडीसाठी खास बनवलेल्या झडपेत परतीच्या दिशेने दांडा अडकून राहतो व दट्ट्या मागे टेकताच सुटतो. पुढच्या दिशेने मात्र हात काढताक्षणी तो मध्यावर येतो. ट्रॅक्टर व उत्खनन यंत्रांच्या बाजारात मिळणाऱ्या मोनोब्लॉक झडपांपैकी काहींत दांडा दोन्ही दिशांना अडकतो. अशा झडपेवर दट्ट्या पुढे येत असताना चालकाचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मोकळा हात ओंडका सरळ करण्यासाठी पाचरीकडे जातो. म्हणून पुढच्या दिशेचा अडकाव काढून टाकणे अनिवार्य समजावे. लाकूडफोड यंत्रांच्या सुरक्षिततेविषयीचे ईएन ६०९-१ हे युरोपीय मानक आहे; तेथील अनेक यंत्रांत दोन्ही हातांनी दोन दांडे धरल्याशिवाय दट्ट्या हलत नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह हा या यंत्राचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. गिअर पंप दर फेरीला ठरलेले तेल ढकलतोच. त्याला वाट मिळाली नाही तर काहीतरी फुटेपर्यंत दाब चढत जातो. हा व्हॉल्व्ह पंप व दिशा झडप यांच्या मध्ये असावा आणि पंपापासून त्याच्यापर्यंत एकही बंद करता येणारा कॉक नसावा. अनेक मोनोब्लॉक झडपांत तो अंगभूत असतो, पण विकताना तो किती दाबाला लावलेला आहे हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी ० ते २५० बारचा ग्लिसरीन भरलेला मापक बसवतात, स्क्रू सैल ठेवून यंत्र सुरू करतात, दट्ट्या टोकाला टेकवतात व काटा पाहत दाब हळूहळू वाढवतात. मापकाविना, केवळ ‘गाठ फुटेपर्यंत’ स्क्रू पिळण्याचा प्रकार धोकादायक आहे, कारण सर्वांत कमजोर भाग कोणता हे त्या वेळी ठाऊक नसते.

काही यंत्रांत रॉडच्या बाजूचे तेल टाकीत न सोडता पुन्हा पुढच्या चालीला देणारी रिजनरेटिव्ह झडप असते. वरील सिलिंडर अशा जोडणीत २१ ऐवजी सुमारे ७ सेकंदांत पुढे येतो, पण तेव्हा रेटा केवळ रॉडच्या क्षेत्रफळाएवढा, म्हणजे सुमारे ४ टन उरतो. दाब वाढताच नेहमीच्या जोडणीवर आपोआप जाणारी झडप असेल तरच ती उपयोगाची.

टाकी, नळ्या व तेल

टाकी पंपाच्या मिनिटाच्या प्रवाहाच्या तिप्पट, म्हणजे वरील उदाहरणात ३५ ते ४० लिटरची धरतात. ओढनळी मोठी असावी. मिनिटाला १२ लिटरसाठी २५ मिमीची नळी योग्य होय. अरुंद किंवा लांब ओढनळीमुळे पंपात पोकळी निर्माण होऊन खडखडाट होतो व गिअर खरवडले जातात. दाबाच्या बाजूस पोलादी तारेच्या दोन जाळ्यांची, आर-२ वर्गाची अर्धा इंची होज वापरतात. एका जाळीची आर-१ होज १६० बारला अगदी मर्यादेवर येते. परतीची नळी व गाळणी निवडताना एक बाब सुटते: दट्ट्या मागे येताना सिलिंडरच्या मागील भागातून पंपाच्या प्रवाहापेक्षा जास्त तेल बाहेर पडते. येथे ते प्रमाण जवळजवळ दीडपट आहे, म्हणजे मिनिटाला ११ लिटरला १६ लिटर. पंपाच्या आकड्यावरून घेतलेली गाळणी अशा वेळी अपुरी ठरते.

मुंबई व रायगडच्या हवेत आयएसओ व्हीजी ६८ वर्गाचे हायड्रॉलिक तेल सामान्यतः वापरले जाते. हिंदुस्तान पेट्रोलियमचे एन्क्लो ६८ हे त्यापैकी बाजारात परिचित. घाटमाथ्यावर थंडीत चालणाऱ्या यंत्रास ४६ अधिक बरे. तेल ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागल्यास प्रवाह कोठेतरी रिलीफ व्हॉल्व्हमधून वाया जात आहे असे समजतात.

खाडीकाठच्या दमट हवेत तेलापेक्षा रॉडची काळजी अधिक घ्यावी लागते. पावसाळ्यात रॉड बाहेर ठेवून उभ्या असलेल्या यंत्राच्या क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि पुढच्या हंगामात तेच खड्डे सील कापतात. काम संपताच दट्ट्या पूर्ण आत घेऊन ठेवणे पुरेसे असते. टाकीच्या श्वासनळीवर टोपी नसल्यास पाणी व भुसा आत जातो. तेल दुधाळ दिसणे हे पाणी शिरल्याचे चिन्ह होय.

गर्डर

रेटा सिलिंडरच्या मध्यरेषेवर असतो व गर्डर तिच्या खाली, त्यामुळे गर्डरला केवळ ताण नव्हे तर वाकही सोसावा लागतो. मध्यरेषा गर्डरच्या वरच्या पृष्ठभागापासून १०० मिमी उंचीवर धरली, तर १२.८ टन रेट्याला आयएसएमबी १५० गर्डरमधील एकूण ताण चौ. मिमी.ला सुमारे २९० न्यूटनपर्यंत जातो. साध्या बांधकाम पोलादाची सीमा २५० आहे. तोच हिशेब आयएसएमबी २०० साठी १५० च्या आसपास येतो. वजनात मीटरमागे दहा किलोचा फरक आहे, पण पहिला गर्डर कायमचा वाकतो व दुसरा टिकतो. सिलिंडरचा मागील आधार व पाचर यांचे वेल्डिंगही याच रेट्यासाठी करावे लागते.

जुने भाग आणि कामोठे परिसर

कामोठे हा रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, सिडकोने विकसित केलेला नवी मुंबईचा भाग असून २०१६ पासून तो पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. इमारतींच्या या वस्तीत सरपण फारसे जळत नाही. यंत्राचा खरा उपयोग तालुक्यातील वाड्या व वखारी यांना. तथापि सुट्या भागांच्या दृष्टीने ही जागा सोयीची आहे. शेजारच्या कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजार व ट्रक टर्मिनल आहे, पलीकडे तळोजा औद्योगिक वसाहत. गर्डर व जाड पत्रा कळंबोलीत मिळतो; नवे पंप, झडपा व फिटिंगसाठी मुंबईतील नागदेवी स्ट्रीटची बाजारपेठ जुनी व परिचित. गिअर पंपाऐवजी उच्च दाबाचा रेडियल पिस्टन पंप हवा असल्यास बेळगावचे नाव घेतले जाते. तेथील पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्यांमुळे सीमाभागातील हे शहर हायड्रॉलिक भागांसाठी ओळखले जाते. हा पंप महाग व तेलाच्या स्वच्छतेबाबत काटेकोर असतो, म्हणून भुशात चालणाऱ्या यंत्रासाठी गिअर पंपच व्यवहार्य.

जुन्या बाजारातील सिलिंडर घेताना तो दोन्ही दिशांनी चालणारा आहे का हे प्रथम पाहावे. डंपरचा सिलिंडर दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा व एकाच दिशेने जोर देणारा असतो. तो हौद्याच्या वजनाने खाली येतो, लाकूडफोडीत त्याला मागे आणणारे काहीच नसते. उत्खनन यंत्राचे सिलिंडर दोन्ही दिशांचे व दणकट असतात, परंतु स्ट्रोक गरजेपेक्षा लांब असतो व सीलची मापे काही वेळा इंचांत असतात. मुंबईच्या दारूखान्यासारख्या ठिकाणी जहाजांतून निघालेला माल मिळतो, त्यावर दाबाची पाटी क्वचितच शाबूत असते. पाटी नसलेल्या सिलिंडरचा दाब त्याच्या नळकांड्याची जाडी मोजून बेतानेच ठरवावा लागतो. जुना पंप सहसा घेऊ नये. त्याची झीज बाहेरून दिसत नाही व तेल गरम झाल्यावरच दाब पडल्याचे कळते.

धोके

दट्ट्या व पाचर यांमध्ये बोटे चिरडणे हा उघड धोका आहे. दोन माणसांनी मिळून काम केल्यास तो वाढतो: एक ओंडका धरतो, दुसरा दांडा ओढतो. ज्याचा हात ओंडक्यावर, त्याचाच दुसरा हात दांड्यावर, हा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो.

न दिसणारा धोका तेलाच्या फवाऱ्याचा. होजला सुईएवढे छिद्र पडल्यास १६० बार दाबाचे तेल कातडीतून थेट आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते व सुरुवातीला फारशी दुखत नाही, त्यामुळे ती धुऊन काम पुढे चालू ठेवले जाते. आतील तेलामुळे काही तासांत पेशी मरू लागतात, आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. अशा रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेऊन ‘दाबाखालील तेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट सांगणे आवश्यक असते. गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून ती शोधतात, तीही शक्यतो यंत्र बंद करून.

लाकडाची उपलब्धता व कायदा

नागरी हद्दीत उभे झाड तोडण्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू होतो. पनवेल खाडीकाठची तिवरे पूर्वी सरपणासाठी तोडली जात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर तिवरांची तोड राज्यभर निषिद्ध आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावरच्या बेकरी भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यामुळे मुंबईच्या बेकऱ्यांवर अवलंबून असलेल्या वखारवाल्याने मोठ्या क्षमतेचे यंत्र बनवून घेण्यापूर्वी गिऱ्हाईक कोण राहणार याचा अंदाज घेणे भाग आहे. वादळात पडलेली झाडे व बागांची छाटणी एवढ्यासाठी १०० मिमीचा सिलिंडर पुरतो.